सही न करणाऱ्या बायका

बारस्टो, कॅलिफोर्निया
१४ जानेवारी १९७८

हॉटव्हिला गावच्या शाळेत हे पत्र जे कोणी उघडतील त्यांना,

तुम्ही मला ओळखत नाही. गावातला एकच पत्ता मिळाला, तो शाळेचा, म्हणून तिथं लिहिते आहे. माझं नाव डोरीन सिल्वा, वय एकोणपन्नास. इथल्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात मी बावीस वर्षं काम करते.

माझी आई मागच्या हिवाळ्यात गेली. ती होपी जमातीची होती. पाच वर्षांची असताना सोल्जर तिला गावातून उचलून सरकारी शाळेत घेऊन गेले, एवढंच तिनं सांगितलं, तेही जन्मात दोनदा. शाळेनं तिचं नाव मेबल ठेवलं. आम्हीही तेच म्हणायचो. जायच्या आधी चार दिवस ती म्हणाली, "मला मेबल म्हणून पुरू नका. मी तावामाना." हे नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी कागद शोधते आहे. शाळेच्या पटाची झेरॉक्स सोबत आहे. मी काढलेला वंशवृक्षही आहे. लायब्ररीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं की तावा म्हणजे सूर्य, म्हणजे आम्ही सूर्यकुळाच्या. जमातीतल्या नोंदणीच्या अर्जावर गावातल्या एका नातेवाइकाची सही किंवा अंगठा लागतो. तुमच्याकडचं सूर्यकुळातलं कोणी तो देईल का? अर्ज जोडला आहे. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलेलं आहे.

डोरीन सिल्वा


हॉटव्हिला, अ‍ॅरिझोना
२० फेब्रुवारी १९७८

श्रीमती सिल्वा यांना,

मी इथं तिसरी-चौथीला शिकवते, आणि शाळेत येणाऱ्या अनोळखी पत्रांना उत्तर देण्याचं काम माझ्याकडे येतं. अशी पत्रं महिन्याला दोन-तीन असतात. मागच्या उन्हाळ्यात तर एका रंगवलेल्या गाडीतून सात जण आले. प्रत्येकाची पणजी होपी होती आणि प्रत्येक पणजी राजकन्या होती. आमच्यात राजेच नाहीत, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं.

मी स्वतः सूर्यकुळातली आहे, म्हणून खात्रीनं सांगते की आपण आमच्या नाही. आमच्यात मूल आईच्या कुळाचं असतं. नाव मात्र बापाकडच्या आत्या ठेवतात, विसाव्या दिवशी, आणि त्या नावात त्यांच्या कुळाची खूण असते. सूर्याचं नाव असलेली मुलगी बाकी कुठल्याही कुळाची असू शकेल, सूर्यकुळाची नाही. बापाचं आणि मुलीचं कुळ आमच्यात कधीच एक नसतं.

आपल्या वंशवृक्षात सर्वांत वर आपले वडील सिल्वा आणि त्यांचे वडील आहेत. आई एका कोपऱ्यात आहे. इथल्या कुणालाही तो कागद दिला तर तो उलटा धरून बघेल.

अर्ज परत पाठवत आहे.

व्हर्ना कोयावेना


बारस्टो
२ मार्च १९७८

व्हर्ना कोयावेना यांना,

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि बरोबरच्या बायकांनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सोड आता, बाई शिकलेली आहे आणि तिनं तुला सरळ घालवून दिलं आहे. शिकलेली आहात हे मलाही दिसलं. पण दार लावून घेताना तुम्ही किल्ली बाहेर टाकलीत.

मला आतापर्यंत एवढंच माहीत होतं की माझ्या आईला कोणीतरी नाव दिलं. आता कळलं की ते तुमच्या घरातल्या बायकांनी दिलं. मग कोणी दिलं आणि कुणाच्या मुलीला दिलं, हेही तुमच्याच घरात कुणाला तरी माहीत असणार. साल १९०६ किंवा ०७ असेल. तुम्ही विचारलंत का कुणाला? पत्रात तसं काही दिसलं नाही.

मला पिसं नकोत, नाच बघायचे नाहीत. राजकन्याही नको. आई पस्तीस वर्षं लोकांचे शर्ट इस्त्री करत होती. रेल्वेच्या वसाहतीत आमच्या मागच्या दारी रेताड जागा होती, तिथं ती लोखंडी कांबीनं हातभर खोल भोक पाडून एका ठिकाणी दहा-बारा दाणे मका टोचायची. शेजारी हसायचे. मका उगवायचा.

वंशवृक्ष मी उलटा करून पुन्हा काढला आहे. आता सर्वांत वर आई आहे आणि तिच्यावरची जागा रिकामी आहे. अर्ज पुन्हा पाठवते आहे. तुम्ही परत पाठवलात तर मी परत पाठवीन. तिकिटं माझ्याकडे भरपूर आहेत.

डोरीन सिल्वा


हॉटव्हिला
२५ मे १९७८

डोरीन,

उत्तराला जवळजवळ बारा आठवडे लागले. शाळेच्या परीक्षा होत्या असं मी आधी लिहिलं आणि तो कागद फाडला. परीक्षा नव्हत्या. का उशीर झाला ते शेवटी सांगते, तोवर मला माणूस म्हणून तोलू नकोस.

तुझं पत्र आलं त्या आठवड्याच्या रविवारी मी पोली मावशीला विचारलं. ती माझ्या आईची थोरली बहीण, आमच्या कुळातली सर्वांत म्हातारी बाई, सत्त्याऐंशी वर्षांची. मी नाव उच्चारलं मात्र, हातातली मक्याची पानं खाली ठेवून ती म्हणाली, "ते नाव माझं आहे." तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. विसाव्या दिवशी पहाटे सूर्यकुळाच्या सगळ्या बायका बाळंतिणीच्या घरी गेल्या, युक्का नावाच्या वाळवंटी झुडपाच्या मुळाचा फेस करून बाळाचे केस धुतले. प्रत्येकीनं एकेक नाव ठेवलं, आणि चिकटलं ते या सर्वांत लहान आत्याचं. दोन वर्षांनी त्याच घरी दुसरी मुलगी झाली. तिला उजेडाचं नाव मिळालं, तालानोमसी.

ते घर कोल्ह्याच्या कुळाचं आहे. तू कोल्हीण आहेस. पोली मावशी म्हणाली, "कोल्ह्याचीच असणार. दार वाजवायचं सोडून लांबून ओरडत बसली आहे." हा टोमणा तुला पोचवणं भाग आहे, कारण टोमणे मारणं हे आमच्या नात्याचं कामच आहे. सूर्यकुळाच्या सगळ्या बायका तुझ्या आईच्या आत्या, म्हणजे मी तुझी आतेआजी झाले. वयानं पाच वर्षांनी लहान आहे, त्याला माझा इलाज नाही. पण म्हणूनच आता अहो-जाहो सोडलं आहे.

आता मुख्य गोष्ट. तालानोमसी जिवंत आहे. सत्तर वर्षांची आहे, आमच्यापासून चौथ्या घरात राहते, सगळं गाव तिला ताला आजी म्हणतं. सोल्जर आले तेव्हा तिच्या आईनं तिला आतल्या खोलीत कणसांच्या थप्पीमागे लपवलं. थोरलीला लपवायला वेळ मिळाला नाही.

१९१८च्या हिवाळ्यात एक दुभाषी सरकारी कागद घेऊन आला. मेबल तापानं वारली, असं त्यानं वाचून दाखवलं. त्या दोघींची आई म्हणाली, "मेबल माझी मुलगी नाही. माझ्या मुलीचं नाव तावामाना आहे. ती मेलेली असेल तर मला आणून दाखवा." तिनं ज्युनिपरच्या पाल्याचा धूर केला नाही, सुतकाचं काहीच केलं नाही. मरेपर्यंत केलं नाही. ताला आजीनंही केलं नाही. गावात लोक म्हणायचे, या घरच्या बायका हट्टापायी मेलेल्यालाही जाऊ देत नाहीत. मीही म्हटलं आहे.

तुझ्या कागदांचं काय झालं तेही सांगते. पटाची झेरॉक्स मी ताला आजीच्या हातात दिली. ती तेव्हा पिकी भाजायला बसली होती. पिकी म्हणजे निळ्या मक्याची पोळी, फुंकरीनं उडेल इतकी पातळ असते. झेरॉक्स तिनं दगडी तव्याखाली सारली आणि पेटवली. म्हणाली, "मला एकच कागद समजतो, जो खाता येतो." अर्ज मी वेळेवर मागे घेतला. अंगठा ती देणार नाही. तिच्या आईनं दिला नाही, तिनं सत्तर वर्षांत कशावरही दिलेला नाही. शिरगणतीला नाव सांगितलं नाही, विजेचे खांब आले तेव्हा ती खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात जाऊन बसली होती. "ती माझ्या बहिणीची असेल तर येऊ दे, मी तिचे केस धुईन. कागद हवा असेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी आहे." शब्द तिचे आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही.

आता उशीर. ताला आजीच्या मागे त्या घरात बाई नाही. घर बाईचं असतं, शेतही. तिचं शेत ओहोळाकडे आहे, पाणी लागणारं आहे, आणि गेली चौदा वर्षं ते माझा भाऊ लीरॉय तिच्या परवानगीनं पेरतो. तिच्यानंतर ते आमच्याकडेच राहील, असं आमच्या घरात कोणी बोलत नाही आणि सगळे धरून चालतात. तुझ्या आईचं घर मला मार्चमध्येच कळलं होतं. मी रोज माझ्या वहीत लिहीत होते की उद्या कळवीन. तेवढ्यात लीरॉयचा मका पेरून झाला.

व्हर्ना


बारस्टो
३ जून १९७८

व्हर्ना,

शेताचं वाचलं. ते मला नको. तुमच्या भावाला सांगा, निवांत झोप.

बाकीचं मी तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मला मावशी आहे आणि ती माझ्या आईची वाट बघत होती. याचा मला आनंद व्हायला हवा. तो होत नाही, आणि का ते तुम्ही तिला जाऊन सांगा. गोड करून सांगू नका. तुम्ही गोड कराल असं मला वाटतं, कारण तुम्ही फार विचार करता.

माझी आई घरी का गेली नाही, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मला त्याची लाज वाटत होती. शाळेत दर उन्हाळ्यात मुलांना घरी पाठवायचे. त्यासाठी घरच्यांची कागदावर सही किंवा अंगठा लागायचा. आईच्या नावापुढे अंगठा कधीच आला नाही. सात उन्हाळे ती रिकाम्या शाळेत राहून जमीन पुसत होती. मास्तरीणबाई तिला म्हणायच्या, तुझ्या आईला तू नकोस, बघ, अंगठासुद्धा देत नाही. पुढे तिला इस्त्रीच्या कामाला एका घरी ठेवलं. मोठी झाल्यावर ती येऊ शकली असती. मी विचारलं होतं. ती म्हणाली, "जिला मी नको होते तिच्या दारात कशाला जाऊ?"

हे मनात घेऊन ती मेली. तुमच्या गावाला सही न करण्याचा अभिमान आहे ना? तो माझ्या आईनं जन्मभर भोगला. आता तिची बहीण मला पुन्हा तेच सांगते आहे.

सोबत दुसरी झेरॉक्स आहे. ही जाळू देऊ नका. तो १९१८चा कागद मला जुन्या दप्तरात सापडला. 'मेबल, होपी, वय बारा, इन्फ्लुएन्झा.' त्या वर्षी शाळेत तीन मेबल होत्या, मी पट मोजला. त्यांनी मेलेलीच्या घराऐवजी भलत्याच घरी निरोप पाठवला. मला नोंदणीचे फायदे नकोत. माझी आई एका कागदावर मेली आहे. ती जगली, असं म्हणणारा एक कागद मला हवा आहे. तो मी घेणारच. मावशीनं दिला नाही तर दुसऱ्या कुणाकडून घेईन, पण घेईन.

डोरीन


हॉटव्हिला
१९ जून १९७८

डोरीन,

तू मला बरोबर ओळखलंस. पहिल्यांदा वाचताना मी मास्तरीणबाईंचं वाक्य गाळलं. घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले आणि म्हणाले, आजी, काल मी एक वाक्य चोरलं. मग सगळं पत्र पहिल्यापासून आपल्या भाषेत वाचलं.

ती मका सोलत होती. सोलतच राहिली. ढीग संपल्यावर रिकामी कणसंच एकेक उचलून परत ठेवायला लागली. तीन दिवस दार लावून होती. मी दाराशी पाणी ठेवत होते, ते आत जात होतं, एवढ्यावरून ती ठीक आहे असं समजत होते.

चौथ्या दिवशी तिनंच मला बोलावलं. "त्या अंगठ्याच्या कागदावर काय लिहिलेलं होतं, ते तुझ्या कोल्हिणीला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. तिला होतं. तिची आई तिला दर उन्हाळ्यात सांगायची. कागद नुसता मुलीला घरी पाठवण्याचा नव्हता. उन्हाळा संपला की मुलीला आपल्या हातानं परत शाळेत आणून घालीन, अशी त्यात हमी होती. त्यावर अंगठा हवा होता.

ताला आजी म्हणाली, "सोल्जरनं नेलं ते नेलं. पण मी होऊन नेऊन दिली असं आईनं लिहून द्यायचं? लेकराला चोराच्या घरी पोचवायला जायचं, वर्षाच्या वर्षाला?" मग म्हणाली, "दर वर्षी तो दुभाषी गेला की आई पठाराच्या टोकावर जाऊन उभी राहायची. मी तिची शाल धरून असायची. तिला वाटायचं, तावामाना मोठी झाली की तिला कळेल."

कळलं नाही. हे मी बोलले नाही, पण ती माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनंच म्हटलं, "नाही कळलं."

कोण चुकलं, हे मी चार रात्री वहीत मांडते आहे. अंगठा दिला असता तर तुझ्या आईला सात उन्हाळे मिळाले असते. दिला असता तर ते घर ते घर राहिलं नसतं. मी शाळेत शिकवते, महिन्याला वीस कागदांवर सह्या करते, मला हा निवाडा करण्याचा अधिकार नाही. मास्तरीणबाईंचं ते वाक्य मात्र खोटं होतं, एवढं मी कुठल्याही कागदावर लिहून द्यायला तयार आहे.

ताला आजीचा निरोप असा आहे: "तिला म्हणावं, अंगठा मागायला ये. देणार नाही, पण तोंडावर माग. भांडायचं असेल तर घरात बसून भांड." जुलैच्या नाचाआधी ये, केस कापू नकोस. पाकिटात पांढरं कणीस आहे, नव्या बाळाजवळ ठेवतात तसं, नीट भरलेलं, टोकापर्यंत दाणे असलेलं. ते खायचं नाही, पेरायचं नाही, जवळ ठेवायचं. तिनं सत्तर कणसांतून निवडलं आणि तीनदा बदललं.

तुझी आतेआजी,
व्हर्ना


बारस्टो
१ जुलै १९७८

आतेआजी,

शनिवारच्या बसनं निघते आहे. मुलगी आणि सहा वर्षांची नात बरोबर आहेत. अर्ज घेऊन येते आहे. मी आजपर्यंत कुणाच्या दारात रडले नाही आणि तिथंही रडणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

डोरीन


हॉटव्हिला
३० जुलै १९७८

डोरीन,

पोली मावशीनं ठेवलेलं नाव इथून पुढे तुला लावायचं असं तिनं बजावलं आहे, पण 'उशिरा उगवलेली' असं पत्राच्या मथळ्यावर लिहायला माझा हात अजून रेटत नाही. तुझ्या बापाकडच्या बायका इथं नाहीत म्हणून हे काम आम्ही ओढून घेतलं. पोली मावशी ते गावभर सांगते आहे, आणि तू रडलीस तेही.

तुम्ही गेल्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

अर्ज तू चुलीजवळच्या कोनाड्यात कोरा टाकून गेलीस. मुद्दाम टाकलास की विसरलीस, यावर इथं दोन तट आहेत. ताला आजी म्हणते, मुद्दाम. ती त्या अर्जाकडे दोन दिवस बघत होती. मग मला हाक मारून म्हणाली, "हा नको. तो दुसरा काढ. मेलेला."

मी १९१८च्या कागदाची झेरॉक्स काढली. तिनं मला सगळं परत वाचायला लावलं, नाव, वय, ताप. मग विचारलं, "ती पोरगी मेली ना, तिच्या आईला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कुणी सांगितलं नसणार, निरोप आपल्याकडे आला. ती म्हणाली, "म्हणजे ती बाईसुद्धा कुठंतरी टोकावर उभी राहिली असेल." हे मला साठ वर्षं विचार करूनही सुचलं नसतं. तुझं सगळं संशोधन आणि माझ्या सगळ्या वह्या, त्यात ही बाई कुठंच नव्हती.

मग तिनं सांगितलं आणि मी झेरॉक्सच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. इंग्रजीत उतरवून परत आपल्या भाषेत तिला दोनदा वाचून दाखवलं. शब्द असे आहेत:

"हे खोटं आहे. तावामाना जगली. तिला मुलगी झाली, मुलीला मुलगी, तिलाही मुलगी. मी त्या तिघींचे केस धुतले आहेत. माझ्या आईनं तेव्हाच सांगितलं होतं. ही जी मेली ती कुणाची होती ते शोधा आणि तिच्या घरी जाऊन सांगा. तालानोमसी, कोल्ह्याचं कुळ."

मी पेन पुढे केलं. तिनं ते बाजूला सारलं. पिकीच्या दगडाखालची काजळी अंगठ्याला लावली आणि कागदावर इतक्या जोरानं दाबला की मागे टेबलावरही उमटला. मग हात धुऊन पिकी भाजायला बसली.

मूळ कागद तिच्या हट्टावरून सरकारी दप्तरात पाठवला, ज्यांनी लिहिलं त्यांनाच परत. तुला ही त्याची नक्कल. तुला हवा होता तो कागद हाच आहे की नाही, ते तू ठरव. अर्ज कोराच आहे, कोनाड्यात आहे.

लीरॉयनं ओहोळाच्या बाजूच्या चार ओळी तुझ्या नातीच्या म्हणून दगड लावून मोजून दिल्या. मी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, तेही वहीत लिहिलं आहे.

सरकारी दप्तराचं ते पाकीट टाकायला निघाले तेव्हा ताला आजीला विचारलं, त्यांचं उत्तर आलंच नाही तर? तिनं तव्यावरून नजरही उचलली नाही.

"मग परत पाठवू. मला दहा बोटं आहेत."

व्हर्ना